खोटं बोलणारं कार्ड

जनित्राच्या संचावर नियंत्रण ठेवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड मेलं तर फारसं बिघडत नाही. ते जिवंत राहून खोटं बोलू लागलं की संचाचं काही खरं नसतं.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात २१० मेगावॅटचे संच आहेत. अशा संचाचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो आणि पूर्ण भारावर त्याला चुंबक म्हणून टिकायला सुमारे २६०० अँपिअर डीसी लागतो. जनित्राच्याच विजेतला थोडा वाटा ट्रान्सफॉर्मरने उतरवून, थायरिस्टरच्या ब्रिजमधून डीसी करून, कार्बन ब्रशमार्गे तो रोटरला देतात. सुरुवातीला जनित्रात वीजच नसते, म्हणून बाहेरून थोडा प्रवाह द्यावा लागतो. दुधाला विरजण लावावं तसा.

थायरिस्टर नेमका केव्हा उघडायचा, हे रॅकमधली कार्डं ठरवतात. जनित्राचा विद्युतदाब त्यांना पीटी, म्हणजे दाब मोजणाऱ्या लहान ट्रान्सफॉर्मरकडून कळतो. समजा, पीटीचा फ्यूज उडाला. कार्ड ठणठणीत आहे, पण त्याला दाब पडलेला दिसतो. ते इमानेइतबारे रोटरचा प्रवाह वाढवत सुटतं आणि इकडे खरा दाब धोक्याच्या पातळीच्या वर चढतो. म्हणून नियंत्रणाचे दोन स्वतंत्र मार्ग, म्हणजे चॅनल, ठेवतात आणि प्रत्येकाला वेगळा पीटी देतात. एकाच पीटीवर टांगलेली दोन कार्डं म्हणजे एकाच साक्षीदाराची दोनदा घेतलेली जबानी.

राखीव चॅनल चालू चॅनलचं सतत अनुकरण करतं, म्हणजे बदलाच्या क्षणी झटका बसत नाही. पण चालू चॅनलच बहकलं असेल तर? राखीवही त्याच्यामागे खड्ड्यात जाणार. म्हणून काही रचनांत हे अनुकरण मुद्दाम थोडं मागे ठेवतात. मला या साऱ्या यंत्रणेतली सर्वात शहाणी गोष्ट हीच वाटते.

दोघांत मतभेद झाला तर कोण खरं, हा पेच तरीही उरतो. जीईच्या ईएक्स २१०० या नियंत्रण यंत्रणेत त्यासाठी तीन कंट्रोलर ठेवता येतात: एम-१, एम-२ आणि सी. हा 'सी' ब्रिज कधीच चालवत नाही. तो नुसता बघतो आणि मत देतो.

कार्डांना वीज पुरवणारे सप्लायही दोन, एक एसीवर आणि एक बॅटरीवर. त्यांतले कपॅसिटर मात्र बहुधा एकाच वयाचे असतात आणि एकाच उष्णतेत सुकत जातात. राखीव चॅनल वर्षानुवर्षं कामाला लावलंच नाही, तर ते चालेल हा निव्वळ विश्वास असतो. चालू संचावर चॅनल बदलून बघायला धीर लागतो. शिफ्टमध्ये ते कुणालाच नको असतं.

एवढी जोडी-तिकडी लावूनही रोटर एकच असतो, ब्रश ज्यांवर टेकतात त्या स्लिप रिंगांची जोडीही एकच. तिथे राखीव काही नाही. झिजलेला ब्रश संच चालू असतानाच बदलायचा, तोही एका वेळी एकच.