छोट्या रंध्यातील कोनांचे गणित

एका हाताच्या पकडीत मावणारा, सहा ते सात इंच लांबीचा, बिडाचा जो छोटा रंधा सुतारकामात ‘ब्लॉक प्लेन’ म्हणून ओळखला जातो, त्याच्या जुन्या अमेरिकी नमुन्यांची तुलना बहुधा बैठकीच्या कोनावरून केली जाते. बैठक म्हणजे सांगाड्यातील ती तिरपी जागा, जिच्यावर पाते टेकून बसते, आणि या जागेने रंध्याच्या तळाशी केलेला कोन म्हणजे बैठकीचा कोन. तो ढोबळमानाने दोन प्रकारचा आढळतो : सुमारे वीस अंशांचा नेहमीचा आणि सुमारे बारा अंशांचा कमी कोनाचा. दुसरा प्रकार सर्व कामांत सरस असतो असा जो समज आहे, तो अर्धाच खरा आहे.

हे दोन्ही प्रकार मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले ते कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथील स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने. लेनर्ड बेली या कल्पक कारागिराचे रंध्यांविषयीचे पेटंट हक्क या कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतले, आणि १८७० च्या दशकात वीस अंशांच्या बैठकीचा साडेनऊ क्रमांकाचा रंधा आला, जो पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ बनत राहिला. बारा अंशांचे साठ आणि पासष्ट क्रमांकाचे रंधे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आले, आणि साठच्या पाठोपाठ आलेला साडेसाठ क्रमांकाचा रंधा तर आजही जुन्या हत्यारांच्या बाजारात मागितला जातो.

कोनांचे खरे गणित मात्र बैठकीवर संपत नाही. मोठ्या धातूच्या रंध्यात पात्याचा उतार, म्हणजे धार काढण्यासाठी घासलेली तिरपी बाजू, खाली असते. त्यामुळे बैठक पंचेचाळीस अंशांची असेल तर लाकडाला भिडणारा कोनही पंचेचाळीसच राहतो, मग उतार कितीही अंशांचा घासलेला असो. ब्लॉक प्लेनमध्ये उतार वर असतो, म्हणून कापण्याचा कोन हा बैठक आणि उतार यांची बेरीज ठरतो. पंचवीस अंशांच्या उताराचे पाते वीसच्या बैठकीवर पंचेचाळीस अंशांनी कापते आणि बाराच्या बैठकीवर सदतीस अंशांनी. परंतु धार टिकावी म्हणून बहुतेक कारागीर टोकाशी तीस अंशांचा दुसरा बारीक उतार देतात, तेव्हा हे आकडे पन्नास आणि बेचाळीस होतात. आणि आधीच्या मालकाने पाते तेहतीस अंशांपर्यंत बोथट घासून ठेवले असेल, तर ‘कमी कोनाचा’ म्हणून मिरवणारा रंधाही नेमक्या पंचेचाळीस अंशांनीच कापतो. म्हणूनच पात्याचा उतार न मोजता, केवळ हाताला आलेल्या अनुभवावरून दोन जुन्या रंध्यांची केलेली तुलना निरर्थक ठरते.

मग बैठकीचा फरक उरतो तो कुठे? सदतीस अंशांचा कोन वीसच्या बैठकीवरही साधता येईल, पण त्यासाठी पाते सतरा अंशांपर्यंत घासावे लागेल आणि इतकी पातळ धार लवकर चुरते. बाराच्या बैठकीवर तोच कोन पंचवीस अंशांच्या भक्कम धारेने मिळतो. फळीच्या कापलेल्या टोकावर, जिथे तंतू आडवे कापावे लागतात, हा लाभ स्पष्ट दिसतो, कारण कमी कोनाची धार तंतूंना फारसे न दाबता छेदत जाते. याउलट, रेषा उलटसुलट वळलेल्या लाकडाच्या पृष्ठभागावर तीच धार तंतू पुढच्या पुढे उचकटते व लाकूड ओरबाडले जाते. तिथे पन्नास किंवा त्याहून अधिक अंशांचा कोन आणि अरुंद केलेले तोंड, म्हणजे तळातील ती फट जिच्यातून पाते बाहेर डोकावते, हेच कामाला येते.

कमी बैठकीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली मोकळिकीत : उतार वर असल्यामुळे पात्याची खालची बाजू आणि लाकूड यांच्यातील मोकळा कोन बैठकीइतकाच, म्हणजे बाराच अंशांचा असतो, आणि वापराने धारेची खालची बाजू झिजली की तो आणखी घटून पाते चावण्याऐवजी घसरू लागते. सागवानात सिलिकाचे कण असतात, ते धार झपाट्याने झिजवतात. त्यामुळे सागावर काम करणाऱ्या मराठी सुताराला ही उणीव पाइनवर काम करणाऱ्यापेक्षा लवकर जाणवते. दुसरी किंमत बिडाची. तोंडामागे एक सेंटिमीटरवर बैठकीखालच्या बिडाची जाडी बारा अंशांत जेमतेम दोन मिलिमीटर भरते, तर वीस अंशांत साडेतीनहून थोडी अधिक. बीड ठिसूळ असल्याने रंधा एकदा जरी फरशीवर पडला तरी कमी कोनाच्या रंध्याचा हा भाग तुटण्याची भीती जास्त. एक लहानसा फायदाही सांगायला हवा : पाते एक मिलिमीटर पुढे सरकले तर धार बारा अंशांत सुमारे ०.२१ मिलिमीटर खाली उतरते आणि वीस अंशांत ०.३४, म्हणजे कमी बैठकीवर छिलक्याची जाडी अधिक बारकाईने जुळवता येते.

जुना रंधा विकत घेताना म्हणून आधी पाते काढून तोंडामागची कड उजेडात तपासावी, आणि तिथे चीर किंवा तुटलेला कोपरा दिसला तर क्रमांक कितीही मोलाचा असला तरी तो रंधा सोडून द्यावा. फळ्यांची टोके साफ करणे हेच ज्याचे मुख्य काम असेल त्याने बारा अंशांचा घेऊन पंचवीस आणि अडतीस अंशांची दोन पाती बाळगावीत. सागी फर्निचरच्या कडा मोडण्यासाठी रोज वापरायचा असेल, तर स्वस्तात मिळणारा वीस अंशांचा साडेनऊच अधिक दिवस साथ देईल.