फिशिंग रॉड मोडला? आधी पाहा, तो कुठे मोडलाय!

खाडीवर गरवायला जाणाऱ्यांना विचारून पाहा. मोठ्या माशाने रॉड मोडला असं सांगणारे थोडेच भेटतील. रॉड मोडतो तो बहुतेक वेळा गाडीच्या दारात सापडून, घरातल्या पंख्याला लागून, नाहीतर खडकात अडकलेला गळ हिसकताना. मग दोन तुकडे इन्स्टंट गोंदाने चिकटवले जातात आणि पहिल्याच फेकीला पुढचा भाग पाण्यात जातो.

गोंद का टिकत नाही?

बहुतेक रॉड आतून पोकळ असतात. मासा ओढतो तेव्हा रॉड वाकतो. वाकाच्या बाहेरच्या बाजूला ताण येतो, आतल्या बाजूला दाब. कडेला कड चिकटवली की हा सगळा भार नळीच्या पातळ कडेवर येतो. त्यात इन्स्टंट गोंद वाळला की ठिसूळ होतो. म्हणून मधल्या तुटीला आतून आधार द्यावाच लागतो.

टोक मोडलं असेल तर

ही सर्वांत सोपी दुरुस्ती. शेंड्याची कडी तुटक्या तुकड्यासकट हाताशी असेल, तर तिच्या धातूच्या नळीला लायटरची आच दोन-तीन सेकंद दाखवा. गोंद मऊ झाला की पक्कडीने कडी ओढून काढा. ज्योत रॉडला मात्र लावू नका. कार्बनचा रॉड उष्णतेने आतून कमकुवत होतो. मोडलेली कड पॉलिश पेपरने सारखी करा आणि ग्लू गनच्या कांडीचा गोंद वितळवून कडी बसवा. रॉड आता तिथे जाड असल्याने जुनी कडी बसली नाही, तर मोठ्या मापाची घ्यावी लागेल. गोंद गरम असतानाच रिळाच्या बाजूने डोळा लावून सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का, ते बघा.

मधूनच मोडला असेल तर

इथे घाई नको. चिरफळलेला भाग बारीक दातांच्या करवतीने कापून टाका. रॉड एक-दोन इंच आखूड होईल, त्याला इलाज नाही. आता आत घट्ट सरकेल असा फायबरग्लासचा तुकडा शोधा. जुन्या मोडक्या रॉडचं टोक यासाठी उत्तम. तुटीच्या दोन्ही बाजूंना तो किमान अडीच-तीन इंच आत जायला हवा. त्याची दोन्ही टोकं घासून निमुळती करा, कारण ताठ आधार जिथे अचानक संपतो, तिथेच रॉड पुन्हा मोडतो.

गोंद दोन ट्यूबचा इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांत वाळणारा नको, सावकाश घट्ट होणारा बरा. दोन्ही भाग मिसळून तुकड्याला लावा, जोड बसवा आणि चोवीस तास हात लावू नका. नंतर जोडावर नायलॉनचा दोरा चिकटून-चिकटून, ताणून गुंडाळा आणि वरून इपॉक्सीचा पातळ थर द्या. दोरा नळीला बाहेरून आवळून धरतो, त्यामुळे ती उभी चिरत नाही.

घासताना मास्क आणि चष्मा हवाच. फायबर आणि कार्बनची धूळ त्वचेत टोचते, श्वासातून आत जाते. पॉलिश पेपर ओला करून घासला की धूळ कमी उडते.

दोन भाग एकमेकांत बसतात तो सांधाच फुटला असेल, तर घरी खटपट करू नये असं माझं मत. तिथलं माप जराही चुकलं, तर फेकताना पुढचा भाग निसटतो.

आधी चाचणी

दोरी सगळ्या कड्यांतून ओवून तिला अर्धा लिटर पाण्याची बाटली बांधा आणि हळूच उचला. जोडातून कटकट आवाज आला, तर काम पुन्हा करावं लागेल. सोबत कड्यांमधून कापसाचा बोळाही फिरवा. तंतू अडकला की समजा, कडीला चीर आहे आणि ती दोरी कापणार.

दुरुस्त रॉड जोडापाशी थोडा ताठ वाकतो, फेकही किंचित कमी जाते. शिसं नेहमीपेक्षा हलकं लावा. आणि रॉड जुना असो वा नवा, विजेच्या तारांखाली तो उभा धरू नका. कार्बनमधून वीज वाहते, आणि ओला फायबरग्लासही भरवशाचा नाही.