बोलण्याचा हिशेब

एसटीडी बूथमधला तो लाल आकड्यांचा डबा आठवतो? आमच्या वाशिमला, म्हणजे 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा जिल्हा होण्याच्या आधीपासून, माणसे निम्मे लक्ष पलीकडच्या आवाजावर आणि निम्मे त्या आकड्यांवर ठेवून बोलत. फोन ठेवला की छोटे यंत्र टरटर करीत चिठ्ठी काढी. नंबर, वेळ, रुपये. वाद झालाच तर ती चिठ्ठी साक्षीदार.

देशात मोबाइलवरचा पहिला संवाद 31 जुलै 1995 रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. पुढे घरोघर मोबाइल आला आणि चिठ्ठी गेली. हिशेब मात्र कोणीतरी लिहितच होते. कोण, ते मला भाच्याने सांगितले. त्याची नोकरीच या हिशेबाची.

रिसोडच्या शेतकऱ्याने पुण्याच्या लेकीला फोन लावला, तर गावाजवळचा टॉवर फक्त आवाज झेलतो. नोंद करते ते दूरच्या शहरातले एक्स्चेंज. कोणी, कोणाला, कधी, किती सेकंद, कोणत्या टॉवरवरून, अशी एक ओळ. तिला सीडीआर म्हणतात. बोलणे संपल्यावर ती लिहिली जाते. पण लेकीशी बोलणे तासभर चालले आणि मध्येच यंत्र बंद पडले तर? म्हणून लांबलेल्या बोलण्याची ठरावीक मिनिटांनी अर्धवट नोंद करून ठेवतात, नंतर जोडतात. जोडणी चुकली, तर एका फोनचे तीन फोन होतात. जिथे 61 सेकंदांची 2 मिनिटे धरतात, तिथे प्रत्येक तुकडा वर चढतो आणि भुर्दंड ग्राहकाला!

या ओळींची फाइल भरली किंवा ठरलेली वेळ झाली की ती बंद होते, तिला क्रमांक मिळतो आणि ती बिलाच्या संगणकाकडे जाते. तिथे 41 नंतर एकदम 43 आली, तर 42 शोधायची. 41 दोनदा आली, तर एक टाकून द्यायची. बाजार समितीतला मुनीम सोयाबीनच्या हिशोबपट्ट्यांचे क्रमांक असेच तपासतो. आणि संगणकाकडे जाणारी लाइनच तुटून एक्स्चेंजमधली जागा भरत आली, तर? जुन्या नोंदी पुसायच्या, की नवे फोन घेणे थांबवायचे? हे यंत्र ठरवत नाही. सेटिंग करणारा माणूस आधीच ठरवून ठेवतो.

मला सर्वांत विचार करायला लावले ते प्रीपेडच्या सेटिंगने. प्रीपेडमध्ये एक्स्चेंज बोलणे चालू असतानाच हिशेबाच्या संगणकाला पुनःपुन्हा विचारते, ‘शिल्लक आहे का? थोडे बोलू देऊ?’ संगणकाने उत्तरच दिले नाही, तर दोन वाटा. फोन तोडायचा, किंवा चालू ठेवायचा.

आता मानोरा तालुक्यातला एखादा तांडा डोळ्यांसमोर आणा. रात्रीची वेळ, बाळंतीण अडलेली. 108 ला पैसे लागत नाहीत, पण शेजारगावच्या जीपवाल्याला फोन करायला लागतात. संगणक गप्प आहे. खिशातले पैसे आधीच कंपनीकडे जमा आहेत!

‘मामा, तोडला तर कंपनीचा एक पैसा बुडत नाही,’ भाचा म्हणाला.

मी म्हणालो, ‘बुडू दे की चार पैसे. ती जीप तर येईल.’

तो हसला. असा निर्णय त्याच्या हातात नसतो, वरून येतो. तरी माझे मत बदललेले नाही.

येणाऱ्या फोनचे पैसे 2003 मध्ये थांबले, 2009 पासून सेकंदाचा हिशेब रूढ झाला, आणि आता तर महिनाभराचे पॅक. बोलणे मोजायचेच नाही, असे वाटते. पण नोंद होतेच; डिसेंबर 2021 पासून कंपन्यांना ती किमान 2 वर्षे ठेवावी लागते. पोलिस तपासात ती कामी येते, हे आपण वाचतो. आपल्या स्वतःच्या कामी ती कशी येईल, हे फारसे कोणी सांगत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या नियमांप्रमाणे प्रीपेड ग्राहकालाही आपल्या वापराचा तपशीलवार हिशेब मागता येतो. त्यासाठी कंपनीला 50 रुपयांहून जास्त घेता येत नाहीत आणि तो 30 दिवसांत द्यावा लागतो.

शिल्लक न बोलता उतरली असे वाटले, तर दुकानदाराशी भांडू नका. त्याच्याकडे ती वही नसते. हा हिशेब मागवा आणि तारीखवार तपासा. एकाच फोनचे तुकडे झालेत का, ते आधी बघा.