टर्बो मोटारीच्या तेलाचे खाते

ज्याचा हिशेब वेळच्या वेळी लिहिला जात नाही ते खाते कधी ना कधी बुडते, हे व्यापारी मनुष्यास सांगावे लागत नाही. तथापि दारात उभ्या असलेल्या मोटारीच्या इंजिनातील तेलाचे खाते आपल्यापैकी फारच थोडे गृहस्थ ठेवीत असतील. तेल केव्हा बदलले, कोणत्या जातीचे भरले, मधल्या काळात किती कमी झाले, असे विचारले असता ‘ते गॅरेजवाल्यास ठाऊक’ हेच उत्तर बहुधा मिळते. मोटार साधी असती तर ही बेफिकिरी एक वेळ खपून गेली असती. परंतु अलीकडच्या बहुतेक सर्व डिझेल मोटारींना आणि पुष्कळशा पेट्रोल मोटारींनाही टर्बो असतो, आणि टर्बोचे आयुष्य सर्वस्वी तेलावर अवलंबून असते. म्हणून घरच्या घरी तेल बदलावयाचे झाल्यास त्याचे वर्षाचे नियोजन कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

मोटार आणि आपला समाज यांचा संबंध नवा नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि या देशात मोटारी बनविण्याच्या उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत स्थान मिळविले. त्या पिढीतील मोटारींचे इंजिन हवा आपल्या आपण ओढून घेत असे. आजचे इंजिन हवा दाबून भरून घेते. सारा फरक येथूनच सुरू होतो.

टर्बोचे काम

आल्फ्रेड ब्यूची नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात जो जोर फुकट जातो त्यावर एक लहानसे चक्र फिरवावयाचे, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास बसविलेल्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात लोटावयाची, अशी ही योजना. हवा जास्त मिळाली म्हणजे इंधन चांगले जळते आणि लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम होते. २००७ साली आलेल्या स्विफ्ट डिझेल मोटारीतील फियाटचे १.३ लिटरचे इंजिन, किंवा पुण्याजवळ रांजणगाव येथे तयार होणाऱ्या आणि २०१७ साली बाजारात आलेल्या नेक्सॉनचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन, ही टर्बोचीच उदाहरणे होत.

हा दांडा जोरात असताना मिनिटास एक ते दोन लाख फेरे घेतो. त्याच्या एका बाजूच्या धुराचे तापमान डिझेलमध्ये ७०० ते ८०० अंशांपर्यंत, आणि पेट्रोलमध्ये त्याहूनही वर जाते. इतक्या वेगाने फिरणारा दांडा केसाहूनही पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगत असतो. तेच तेल त्याची उष्णताही वाहून नेते. टर्बोला स्वतंत्र तेल नसते. इंजिनाच्या चेंबरमधील तेलच पंपाने तेथे पोहोचते. ते मळले, पातळ झाले किंवा कमी पडले, तर प्रथम टर्बोलाच त्याची झळ लागते.

घाट चढून आल्याबरोबर इंजिन एकदम बंद केले तर पंप थांबतो, तापलेल्या दांड्याजवळ उरलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि तेलाची बारीक वाट हळूहळू बुजत जाते. अंकोल्याहून अरबैल घाट चढून यल्लापुरास चहासाठी थांबणाऱ्यांनी शेवटचा एक किलोमीटर सावकाश चालवावा आणि एक मिनिट इंजिन मंद चालू ठेवून मग किल्ली फिरवावी. अनेक नव्या मोटारींत टर्बोला पाण्याचीही थंडाई दिलेली असते. तरीही ही सवय हिताचीच आहे.

किलोमीटरचा आकडा फसवतो

मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत तेल बदलण्याच्या दोन मर्यादा दिलेल्या असतात: अमुक किलोमीटर किंवा अमुक महिने, यांपैकी जे आधी येईल ते. त्याच पुस्तिकेत पुढे कठीण वापराचे वेगळे कोष्टक असते. लहान अंतराच्या फेऱ्या, वाहनांच्या गर्दीत उभे राहणे, धूळ आणि घाट हे सर्व कठीण वापरात मोडते. आपल्यापैकी बहुतेकजण पहिले कोष्टक वाचून पुस्तिका मिटतात.

आपल्या रायापूरचेच उदाहरण घेऊ. हे गाव हुबळी आणि धारवाड यांच्या दरम्यान वसलेले असल्यामुळे येथील गृहस्थाची मोटार बहुधा दुकान, शाळा व बाजार अशा छोट्या फेऱ्या करते. समजा, रोजचे जाणे-येणे २२ किलोमीटर आणि महिन्याचे कामाचे दिवस २६. महिन्याचे ५७२ किलोमीटर झाले, वर्षाचे ६,८६४. त्यात तीर्थयात्रा आणि सोयऱ्याधायऱ्यांकडील लग्नकार्ये मिळून २,५०० धरले तर एकूण ९,३६४ होतात. पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असे असेल, तर मालक म्हणतो की अजून सवड आहे. परंतु यांतील बहुतेक किलोमीटर हे अर्धवट तापलेल्या इंजिनाचे आहेत. इंजिनातील पाणी तापल्याची खूण काट्यावर दिसली तरी तेल आणखी काही किलोमीटर पुरते तापत नाही. तोवर जळणातून निर्माण होणारी वाफ आणि थोडे न जळलेले इंधन तेलात उतरते. लांबच्या प्रवासात तेल तापून ते उडून जाते, छोट्या फेरीत ते आतच साचून राहते. म्हणून अशा मोटारीस पुस्तिकेतील कठीण वापराचे कोष्टकच लावले पाहिजे. ते सामान्यतः पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास असते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा नियमांनंतरच्या डिझेल मोटारींबाबत आणखी एक सावधगिरी हवी. त्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी असते. काजळी साठली म्हणजे मोटार आपण होऊन जास्त इंधन सोडून ती जाळते. यास काही काळ सलग चालणे लागते. दर वेळी मध्येच इंजिन बंद झाले तर ते जास्तीचे डिझेल तेलात मिसळते आणि डिपस्टिकवरील पातळी वाढू लागते. व्यापारात शिल्लक वाढलेली पाहून आनंद व्हावा, परंतु येथील वाढ हा निव्वळ तोटा होय. तेल पातळ झाले असा तिचा अर्थ आहे, आणि पातळी फारच वर गेल्यास इंजिनास धोका पोहोचतो. अशा वेळी तारखेची वाट न पाहता तेल बदलावे, आणि आठवड्यातून एकदा तरी मोठ्या रस्त्याने अर्धा तास सलग मोटार चालवावी.

वर्षाच्या दोन तिथी

सहा महिन्यांची मर्यादा धरली तर आपल्या पंचांगात दोन तिथी जणू त्यासाठीच आहेत. एक अक्षय तृतीया, ज्या दिवशी भगवान ऋषभदेवांचे वर्षभराचे तप संपून त्यांना उसाच्या रसाचा आहार मिळाला. आणि दुसरी दिवाळी, जो भगवान महावीरांचा निर्वाणदिन आणि आपल्या नव्या वह्यांचा मुहूर्त. या दोहोंमध्ये सुमारे सहा महिने असतात. अधिक मासाच्या वर्षी एक बाजू थोडी लांबते, तेव्हा किलोमीटरकडे जास्त लक्ष द्यावे. अक्षय तृतीयेच्या सुमारास तेल बदलले म्हणजे उन्हाळ्यातील धुळीचे तेल पावसाळ्यात राहत नाही, आणि जीवजंतूंनी भरलेल्या चातुर्मासात ओल्या जमिनीवर हे काम करण्याचा प्रसंग येत नाही. दिवाळीच्या बदलासाठीही पावसाची उघडीप आणि कोरडी जागा पाहावी.

वहीत मोटारीचे एक पान राखावे आणि त्यावर तारीख, किलोमीटर, तेलाची जात, लिटर, फिल्टर बदलला की नाही आणि मध्ये घातलेले तेल एवढे लिहावे. दर पंधरा दिवसांनी सकाळी, इंजिन थंड असताना, डिपस्टिक पाहून पातळीची नोंद करावी. दोन नोंदींतील फरक पुष्कळ काही सांगून जातो. पातळी भराभर उतरत असेल आणि धूर निळसर येत असेल, तर टर्बो किंवा इंजिन तेल जाळीत आहे असे समजून जाणत्या मिस्त्रीस दाखवावे.

खरेदी आणि कृती

डब्यावरील आकडे पुस्तिकेशी ताडून पाहिल्याशिवाय तेल घेऊ नये. ‘५ डब्ल्यू-३०’ यांतील पहिला आकडा तेल थंडीत किती वाहते ते दाखवितो, आणि दुसरा ते तापल्यावर किती दाट राहते ते. काजळीची गाळणी असलेल्या डिझेल मोटारीस कमी राख होणारे तेलच लागते, एरवी ती गाळणी तुंबते. दाट तेल ते चांगले तेल, ही जुनी समजूत टर्बोच्या बारीक वाटांना घातक आहे. पावती घ्यावी आणि ती वहीच्या पानाला टाचून ठेवावी. मोटारीची हमी शिल्लक असेल तर कंपनीच्या अटी आधी वाचाव्यात, आणि घरी तेल बदलण्याचा आरंभ बहुधा हमी संपल्यावरच करावा.

कामाच्या वेळी मोटार सपाट व टणक जमिनीवर उभी करून, थोडी कोमट झाल्यावर इंजिन बंद करावे. चाकांना दगड लावावेत. मोटार उचलावी लागल्यास खाली लोखंडी स्टँड लावल्याविना कोणीही आत शिरू नये. केवळ जॅकच्या भरवशावर मोटारीखाली जाणे म्हणजे प्राणाशी खेळ आहे, आणि मुलांना त्या वेळी जवळ फिरकू देऊ नये. चेंबरचा बोल्ट काढून तेल पसरट घमेल्यात घ्यावे. बोल्टचा वॉशर नवा घालावा. फिल्टर दर वेळी बदलावा, आणि तो डब्यासारखा फिरवून बसविण्याचा असेल तर त्याच्या रबरी कडेस नव्या तेलाचे बोट लावावे. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावा, कारण अधिक जोर लावल्यास चेंबरच्या आट्या मोडतात.

सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी तेल भरून, डिपस्टिक पाहत पाहत उरलेले घालावे. इंजिन सुरू केल्यावर तेलाचा दिवा विझेपर्यंत आणि पुढे एक मिनिटभर ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. नवा फिल्टर रिकामा असतो आणि टर्बोपर्यंत तेल पोहोचण्यास क्षणभर वेळ लागतो. नंतर इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पातळी पुन्हा पाहावी आणि बोल्टखाली थेंब गळत नाही ना याची खात्री करावी.

जुन्या तेलाचा निकाल

येथपर्यंतचे काम कोणीही नीट मनुष्य करील. खरी परीक्षा घमेल्यातील काळ्या तेलापाशी होते. आमच्याच हातून पूर्वी एकदा हे तेल घरामागच्या गटारात ओतले गेले. पहिल्या पावसानंतर त्या पाण्यावर पसरलेली रंगीत साय आणि कडेला निपचित पडलेले कीटक पाहिल्यावर, दीडदोनशे रुपयांची मजुरी वाचविण्यासाठी आपण काय केले याची जाणीव झाली. तेलाचा थर पाण्याला हवेपासून तोडतो, आणि जमिनीत मुरलेले तेल वर्षानुवर्षे राहते. कित्येक ठिकाणी हेच तेल वाळवी मारण्यासाठी लाकडास फासतात. ते तर जाणूनबुजून केलेली हिंसा होय.

मुनींच्या पाच समितींत उत्सर्ग समिती आहे: टाकाऊ वस्तू टाकावयाची तीही जीव नसलेली जागा पाहून, जपून. श्रावकांस अनर्थदंडविरती, म्हणजे निष्कारण हिंसेचा त्याग सांगितला आहे. मोटार चालविणे हा आपला प्रपंच आहे असे म्हणता येईल, परंतु तिचे तेल गटारात ओतणे निष्कारणच ठरेल. देशाचा कायदाही हेच सांगतो. २०१६ सालच्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून हे तेल परत गोळा करून शुद्ध होईल हे पाहण्याची जबाबदारी तेल बनविणाऱ्या व आयात करणाऱ्यांवर टाकण्यात आली आहे.

म्हणून जुने तेल रिकाम्या डब्यात भरून झाकण घट्ट लावावे, त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू देऊ नये, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संग्राहकापर्यंत ते पोहोचविणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. फिल्टरही रात्रभर निथळून त्याचबरोबर द्यावा. उरलेल्या डब्यांस भोक पाडून मगच ते भंगारात घालावेत, म्हणजे त्यांत कोणी बनावट तेल भरून आपल्याच एखाद्या बंधूस विकणार नाही. आपल्या संघाने एखाद्या सभासदाच्या गोदामात रीतसर व्यवस्था करून वर्षातून दोनदा, या दोन तिथींच्या नंतर, सर्वांचे जुने तेल एकत्र संग्राहकास देण्याचा विचार करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

घरी तेल बदलल्याने पैशाची बचत थोडी होते. मात्र आपल्या वस्तूचा हिशेब आपल्या हाती राहतो, आणि टर्बो बदलण्याचा मोठा खर्च बहुधा टळतो. वहीच्या त्या पानावर ‘जुने तेल दिले’ ही शेवटची ओळ लिहिली म्हणजेच खाते पुरे झाले असे समजावे. ती ओळ कोरी असेल तर, नवे तेल कितीही उत्तम असो, येणे लिहून देणे लिहावयाचे राहिले असाच त्याचा अर्थ होईल.