शंखास्थी : श्रवणेंद्रियाचे घर

कान म्हणून जो अवयव बाहेर दिसतो, तो श्रवणेंद्रियाचा केवळ दर्शनी भाग होय. ऐकण्याचे खरे कार्य कवटीच्या दोन्ही बाजूंस असलेल्या शंखास्थीच्या पोटात चालते. या हाडाचा आतील भाग शरीरातील अत्यंत कठीण अस्थींमध्ये मोडतो आणि त्याच्या गाभ्यातच अंतर्कर्ण सुरक्षित असतो.

ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळल्या की पडदा कंप पावतो. त्यामागे हवेने भरलेली मध्यकर्णाची पोकळी असून तीत हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे एकमेकांस जोडलेली असतात. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची. शरीरात याहून लहान हाड नाही. अंतर्कर्णात द्रव असतो, आणि हवेतील ध्वनी द्रवावर आदळला तर त्याचा बहुतेक भाग परत फिरतो. ही अडचण निसर्गाने मोठ्या खुबीने दूर केली आहे. पडद्याचा कंप पावणारा भाग रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट मोठा असल्याने दाब लहानशा जागेवर एकवटतो. हाडांच्या तरफेची त्यात भर पडून तो २० पटींहून अधिक वाढतो. पुढे गोगलगाईच्या शंखाप्रमाणे अडीच वेढे घेतलेल्या नलिकेतील केसल पेशी या कंपनांचे संदेशांत रूपांतर करतात व ते श्रवण-मज्जातंतूमार्गे मेंदूकडे जातात.

या रचनेतच धोकाही दडलेला आहे. मध्यकर्णाचे छत म्हणजे हाडाचा पातळ पापुद्रा. त्यापलीकडे लगेच मेंदूची आवरणे. कानामागे हाताला लागणारा उंचवटाही भरीव नसतो. त्यातील हवेचे लहान लहान कप्पे मध्यकर्णाशी जोडलेले असतात. नाकामागून मध्यकर्णाकडे जाणारी नळी मुलांत आखूड व आडवी असल्याने सर्दीचा संसर्ग सहज कानात शिरतो, पडद्यास भोक पडते व कान वाहू लागतो. दीर्घकाळ साचलेल्या रोगाने हाड कुरतडले गेल्यास चेहऱ्याचा एक भाग लुळा पडणे, मेंदूच्या आवरणांस सूज येणे, येथवर मजल जाते. ‘कान फुटला आहे, मोठेपणी आपोआप बरा होईल’ हा समज म्हणूनच घातक होय. वाहत्या कानात तेल तर कधीच सोडू नये.

वर्गात वारंवार ‘काय?’ असे विचारणारे मूल मठ्ठ ठरविण्यापूर्वी त्याचे कान तपासलेले बरे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा व अंगणवाड्यांतील तपासणीत मध्यकर्णदाह आणि श्रवणदोष या दोहोंचा समावेश आहे. कानामागे सूज, कान वाहत असताना ताप व तीव्र डोकेदुखी, किंवा वाकडे झालेले तोंड दिसल्यास मात्र पथकाच्या फेरीची वाट न पाहता मुलास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.