थकवा आणि हृदय

वैशाखांत जळगांवचा पारा ४५ अंशांच्या घरांत गेला कीं, आम्ही खानदेशी माणसें सर्व थकव्याचें खापर उन्हावर फोडून मोकळीं होतों. पुष्कळदां तें खरेंहि असतें. सरबत आणि दुपारची झोंप यांनीं तो थकवा उतरतो.

मी ज्या थकव्याविषयीं बोलणार आहें, तो विश्रांतीनें उतरत नाहीं. सकाळीं उठतांनाच अंग गळालेलें. परवांपर्यंत सहज चढलेला जिना डोंगर वाटूं लागतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या म्हणजे श्रमाच्या वेळीं तें शरीराची वाढती मागणी भागवूं शकत नाहीं, आणि तेव्हां छाती दुखेलच असें नाहीं. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांस आधींच्या दिवसांविषयीं विचारलें होतें. शेंकडा सुमारें ७० जणींनीं असा नेहमींहून वेगळा थकवा सांगितला. छातींतील त्रास सांगणाऱ्या अवघ्या ३० च्या आसपास. अर्थात् थकलेल्या बहुतेकींना हृदयरोग नसतोच. आपल्याकडे पुष्कळदां रक्तक्षय निघतो. पण तोहि हृदयाला अधिक राबवितो.

धुळ्याची गृहिणी सर्वांना वाढून झाल्यावर स्वतःकडे पाहते, तेंहि पाहिलें तर! तिचा थकवा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि हृदयाचा विद्युत्-आलेख पाहून घ्यावा. आलेख निर्दोष निघाला म्हणजे शंका फिटली, असें मात्र नव्हे. थकव्याबरोबर धाप, थंड घाम किंवा जबड्यांत कळ आली, तर उन्हें उतरण्याची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.