सागवानी खिडकी काढायची की राखायची?

गिरगाव, दादर, माटुंग्याच्या एखाद्या जुन्या इमारतीत कुणी भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेतला, की दलालापासून कंत्राटदारापर्यंत सगळ्यांचा सल्ला ठरलेला असतो : आधी खिडक्या बदला. लाकडी खिडक्या जुनाट दिसतात, पावसाळ्यात फुगून अडतात, सारखा रंग मागतात. त्यापेक्षा ॲल्युमिनियमच्या सरकत्या लावा, भाडेकरू खूश, भाडंही चार पैसे जास्त. वर कंत्राटदार उदारपणे सांगतो, ‘जुनं लाकूड आम्हीच उचलून नेऊ, त्याचे पैसे लावणार नाही.’ हा उदारपणा कुठून येतो, ते जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात एक फेरी मारली की कळतं.

कारण यातल्या बऱ्याच खिडक्या ब्रह्मदेशी सागाच्या आहेत. हे लाकूड मुंबईत आणणाऱ्यांत मोठं नाव बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचं. ही कंपनी 1863 साली स्थापन झाली. ओंडके कमी दाखवून महसूल बुडवला, असा ठपका ठेवून ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या दरबाराने 1885 मध्ये तिला जबर दंड ठोठावला. ते निमित्त साधून इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजाला पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. तिथला थिबा पॅलेस पाहायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ही सागाची भानगड ठाऊक असते, कोण जाणे. आज तो माल पूर्वीसारखा मिळणंही अवघड, कारण ब्रह्मदेशाने, म्हणजे आजच्या म्यानमारने, 2014 पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली.

साग टिकतो तो त्याच्या गाभ्यामुळे. झाड वाढत जातं तशा खोडाच्या आतल्या पेशी पाणी वाहून नेण्याचं काम थांबवतात आणि त्यांत तेलकट, रबरासारखी द्रव्यं आणि टेक्टोक्विनोनसारखी संयुगं साठत जातात. ही संयुगं वाळवीला मानवत नाहीत आणि रबरी द्रव्यामुळे पाणी सहज आत शिरत नाही. सालीलगतच्या फिकट लाकडात मात्र हे संरक्षण नसतं. जंगलात शंभरेक वर्षं वाढलेल्या झाडात गाभा भरपूर असतो. वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या लागवडीच्या सागात तो कमी, फिकट लाकूड जास्त. त्यामुळे ‘नवीन साग लावून देतो’ हे वाक्य ऐकलं की फळीच्या टोकाकडे बघावं. दोन रंग ठळक दिसत असतील तर फिकट भागाचे पैसे देताना विचार करावा.

मग इतकं चांगलं लाकूड सडतं कसं? एखादी कुजकी वाटणारी झडप जवळून पाहा. वरचे तीन भाग ठणठणीत असतात. खालच्या आडव्या पट्टीच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो आत जातो, पण चार बोटं वर टोचला तर टोक जागचं हलत नाही. लाकडातल्या नलिका लांबीच्या दिशेने धावतात, म्हणजे पट्टीचं कापलेलं टोक हा स्ट्रॉच्या जुडग्यासारखा उघडा भाग. बाजूने जे पाणी सावकाश मुरतं, ते टोकातून भराभर आत ओढलं जातं. झडपेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी नेमकं खालच्या सांध्यावर येऊन थांबतं. ऑइल पेंटचे थरावर थर असतील तर आणखी वाईट : सांध्यापाशी रंगाला केसाएवढी भेग पडते, तिथून पाणी आत जातं आणि बाकीचा रंग ते बाहेर पडू देत नाही. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला फारसं काही करता येत नाही. तो दीर्घकाळ 25-30 टक्क्यांवर गेला, की मग ती आरामात जेवायला बसते.

म्हणून बहुतेक खिडक्यांना हवी असते ती खालच्या वीतभर भागाची शस्त्रक्रिया. कुजलेला भाग तिरका कापायचा, त्याच जातीचा वाळलेला तुकडा रेषा जुळवून जोडायचा, टोकं तेल किंवा प्राइमरने नीट बंद करायची, तावदानाभोवतीची तडकलेली लांबी खरवडून नवी भरायची. पूर्वी ही लांबी जवसाचं तेल आणि खडूची पूड मळून करत. काम मजुरीचं आहे, सामानाचं फारसं नाही. कंत्राटदाराला त्यात रस नसतो तो याचसाठी.

खिडकी अडण्याचं कारण वेगळं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि आडव्या अंगाने फुगतं. लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणून तर झडपेची चौकट वेगळी करून मधलं पॅनेल खाचेत मोकळं सोडलेलं असतं. (रंगारी ती खाच लांबीने बुजवतो आणि पॅनेल उभं चिरतं.) प्रत्येकी तीन इंची उभ्या पट्ट्या असलेली सागाची झडप उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत साधारण दीड मिलिमीटर रुंदावते. जुलैत वैतागून सुताराकडून ती रंधून घेतली तर डिसेंबरात फट दिसणारच. लाकडाचं काम दिवाळीनंतर काढावं.

आता एसीचा मुद्दा, कारण आजकाल भाडेकरू पहिल्यांदा तेच विचारतो. दुहेरी काचेची खिडकी वीज वाचवते, हे खरं. किती वाचवते, ते मोजू. साध्या काचेतून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल तर, सुमारे 5.7 वॉट उष्णता आत येते. दुहेरी काचेतून सुमारे 2.8. दोन चौरस मीटरची खिडकी, बाहेर 33 अंश, आत 24. फरक पडला पन्नासएक वॉटचा. एसी एका वॉटच्या विजेत साधारण तीन वॉट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे बचत सतरा वॉटची. रोज आठ तास एसी लावला तरी महिन्याला चार-साडेचार युनिट! बर्लिन किंवा शिकागोत हिवाळ्यात हाच फरक वीस-पंचवीस अंशांचा आणि चोवीस तासांचा असतो. तिथे हिशेब जुळतो. तिथली जाहिरात इथे जशीच्या तशी छापून चालत नाही.

आपला खरा शत्रू ऊन. पश्चिमेच्या तेवढ्याच काचेवर तिरपं ऊन पडलं, की सातआठशे वॉट उष्णता सहज आत येते. काचेतून आलेलं ऊन भिंती-फरशी तापवतं आणि त्यांच्यातून निघणारी दीर्घ लहरींची उष्णता काच परत बाहेर सोडत नाही. त्यामुळे आतून लावलेला पडदा उशीर झाल्यावर येतो. जुन्या खिडकीच्या बाहेरच्या, तिरक्या पट्ट्यांच्या झडपा ऊन काचेपर्यंत पोहोचूच देत नाहीत आणि वारा येऊ देतात. नव्या खिडक्या बसवताना पहिल्या निघतात त्या याच. शिवाय दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते.

गोम अशी, की खिडकीचा खर्च मालक करतो आणि विजेचं बिल भाडेकरू भरतो. अकरा महिन्यांच्या करारात हा हिशेब कुणालाच जुळवून बघावासा वाटत नाही. पागडीच्या घरात तर भाडं इतकं कमी असतं, की मालक एक बिजागरीसुद्धा बदलत नाही.

ॲल्युमिनियम काहीच मागत नाही, हाही गैरसमज. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्याला बारीक खड्डे पडतात, स्वस्त लोखंडी स्क्रूभोवती तर लवकरच. खालच्या पट्टीत साचलेलं पाणी निघून जायला बाहेरच्या बाजूला छोटी भोकं ठेवलेली असतात. रंगकामात कुणीतरी ती सिलिकॉनने बुजवतो, का तर गळती थांबावी म्हणून, आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी घरात येतं.

तरीही बदलणं रास्त ठरतं अशी घरं आहेत. खिडकी सागाची नसून हलक्या लाकडाची असेल आणि चौकटच वाळवीने पोखरली असेल तर तिच्यावर पैसे घालू नयेत. हमरस्त्यावरच्या घराला गोंगाटाचा प्रश्न असतो आणि आवाजाच्या बाबतीत फट फार महाग पडते : एकूण क्षेत्राच्या फक्त एक टक्का भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही जाड असो, आवाज 20 डेसिबलपेक्षा जास्त कमी होऊ शकत नाही. पण त्यावर जुनी खिडकी तशीच ठेवून, आतून हातभर नाही तरी वीतभर अंतरावर दुसरी घट्ट बसणारी काच लावणं हा चांगला तोडगा आहे. मोठ्या अंतरामुळे ती अनेकदा बारीक फटीच्या दुहेरी काचेपेक्षा आवाज जास्त अडवते. इमारत वारसा यादीत असेल, तर बाहेरचं रूप बदलायला परवानगी लागते, ते वेगळंच.

दुरुस्तीला हात घालण्याआधी जुन्या रंगाचा विचार करावा. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 2016 च्या नियमांनी आली. त्याआधीच्या थरांत किती शिसं असेल सांगता येत नाही. कोरड्या पॉलिश पेपरने घासलं की ते धुळीतून पोटात जातं आणि मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत जास्त धोका असतो. रंग ओला करून काढावा, मास्क लावावा, भाडेकरू राहायला येण्याआधी हे काम उरकावं आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत : हे तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेऊन तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या एकेक पसरून बाहेर वाळत घालाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.